टोपीवरचा पाहुणा

पडद्यांच्या रंगावरून नणंदेचा भावजयीशी महिनाभर अबोला होता. वसंतात उत्तरेला निघालेले पक्षी बघायला भावानं दोघींना पहाटे रानात आणलं आणि स्वतः दुर्बीण घेऊन सटकला. दोघी एकाच ओंडक्यावर तोंडं फिरवून बसल्या. इतक्यात नणंदेच्या टोपीवर काहीतरी टपकन बसलं. झटकायला तिनं हात उचलला. “वन्सं, हलू नका!” भावजय कुजबुजली. “पक्षी आहे. अख्खं रान पालथं घालतायत हे, आणि हा तुमच्या डोक्यावर!” “कसा आहे गं?” नणंदेनं ओठही न हलवता विचारलं. “पिवळाधमक. डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. दमलाय बिचारा, डुलक्या काढतोय.” चोच झाली, शेपटी झाली, गप्पा पडद्यांपर्यंत पोचल्या; हसू दाबून पोटं दुखली. मधेच टोपी हलकी झाल्याचं नणंदेला जाणवलं. तरी तिनं विचारलं, “अजून बसलाय ना?” “बसलाय की,” रिकाम्या टोपीकडे बघत भावजय म्हणाली.