ओमेरचा डबा

डबा ट्रीसच्या पिशवीत होता आणि पिशवीचं तोंड तिने मुठीत आवळून धरलं होतं. पंच्याऐंशी मिनिटं झाली होती. लिंडेव्हेल्डे या बेल्जियन गावाच्या फुटबॉल संघाचा अजून एकही गोल नव्हता. तिच्या भावाचा, लीव्हनचा, तर चौदा सामन्यांत नव्हता. चौदा सामने म्हणजे वडील गेल्यापासून.

"डबा वाजव ना गं," शेजारून जॉर्जेट म्हणाली. मैदानाच्या फाटकाशी तिची तळलेल्या बटाट्यांची गाडी होती. "पस्तिशीचा घोडा झालाय तुझा भाऊ. आज गोल नाही झाला तर उद्यापासून माझ्याकडे बटाटे सोलायला येईल. आणि मला तो नकोय. सोलेल त्याच्या दुप्पट खाईल."

"मी शब्द दिलाय त्याला."

जॉर्जेट गंमत करत नव्हती. क्लबचे अध्यक्ष रेमी यांचं मटणाचं दुकान होतं आणि ते तोलूनच बोलायचे. आज गोल केला तर आणखी एक वर्षाचा करार. नाहीतर टाळ्या, एक अख्खा हॅम आणि निरोप.

डबा वडिलांचा होता, ओमेरचा. साठ वर्षं त्यांनी शर्यतीची कबुतरं पाळली. पाखरू फ्रान्सच्या पार दक्षिणेतून उडत येतं आणि ढाबळीत न शिरता छपरावर बसून राहतं. ते आत जाईपर्यंत वेळ मोजली जाते. मग दाण्याच्या आशेने ते आत यावं म्हणून मालक वाटाण्यांचा डबा खुळखुळवतो. लिंडेव्हेल्डेत आणि भोवतालच्या गावांत चालायला लागण्याआधीच पोरांना हा आवाज कळतो.

लीव्हन गोलपर्यंत उत्तम पोचायचा. तिथे पोचल्यावर विचार करत बसायचा. "बसला छपरावर," ओमेर म्हणायचे आणि गोलमागच्या बाकावरून डबा वाजवायचे. अठरा वर्षं. पाहुण्या गावांचे लोक लीव्हनला बघून कबुतरासारखे घुमायचे. तो लाजेने लाल व्हायचा आणि एकदाचा तो डब्याचा आवाज थांबावा म्हणून चेंडू दिसेल तसा लाथाडायचा. असे एकशे बारा गोल झाले. गोलनंतर टाळ्या नेहमी क्षणभर उशिरा यायच्या. लोक थक्क होतात, अशी त्याची समजूत होती.

परगावच्या मैदानांवर मिळून सहा गोल. एकदा ब्रसेल्सच्या मोठ्या क्लबने त्याला उचललं. आठ महिन्यांत शून्य. मानसोपचारतज्ज्ञ झाले, नवे बूट झाले, मग त्याला परत पाठवलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, हा घरच्याच ढाबळीचा. ओमेर त्याच्याबरोबर परगावी कुठेच गेले नव्हते. बाकावरून त्यांना आपल्या ढाबळीचं छप्पर दिसायचं आणि त्यापलीकडे त्यांना काम नव्हतं.

क्लबच्या उपाहारगृहात त्या गोलांचे फोटो होते. प्रत्येकात गोलरक्षक तोंड वर करून उभा. "देवाला विचारतोय, मीच का म्हणून," लोक म्हणायचे. कित्येक फोटोंत तर नुसतंच आभाळ होतं. फोटोग्राफर गावातलाच होता. बाहेरचा परवडत नव्हता.

नाताळच्या जेवणात लीव्हनने काटा खाली ठेवला. "मी कबूतर नाही, बाबा. पुन्हा डबा आणलात तर मी मैदानात उतरणार नाही."

"तुला कोण बोलावतंय रे?" ओमेर म्हणाले. त्यांनी डबा पुसला आणि कपाटात ठेवला. जानेवारीत ते गेले. आवराआवर करताना डबा ट्रीसच्या हाती आला. "मैदानात आणू नकोस," एवढंच लीव्हन म्हणाला. तिने आणला, पण वाजवणार नाही असं कबूल केलं.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. चेंडू लीव्हनच्या पायाशी आला. पुढे दोन बचावपटू आणि गोलरक्षक. तो थांबला. विचार करू लागला. सगळ्या मैदानाला तो छपरावर बसलेला दिसला.

"ट्रीस!" जॉर्जेट किंचाळली.

ट्रीसचा हात पिशवीत गेला. वाटाणे खुळखुळले.

लीव्हनच्या कानशिलांना आग लागली. त्याने डोळे मिटून लाथ मारली. चेंडू नडगीला लागला आणि इतक्या सावकाश निघाला की वाटेत त्याला कुणी हटकलं असतं तर तो थांबून बोलला असता. दोन बचावपटूंच्या मधून गेला. गोलरक्षकाच्या बुटाशेजारून गेला. जाळीत जाऊन पडला.

टाळ्या नाहीत.

गोलरक्षक बाव्हो शेजारच्या गावचा. तो तोंड वर करून उभा होता. लीव्हन त्याच्याजवळ गेला.

"काय बघतोस?"

"शू! हलू नकोस," बाव्हो ओठ न हलवता पुटपुटला. "बिथरेल पाखरू."

लीव्हनने वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं. त्याने मागे पाहिलं. दोन्ही बचावपटू खिळल्यासारखे उभे, नाकं वर. त्याचे स्वतःचे दहा साथीदारही तसेच. पंच, तोंडात शिट्टी धरून. रेमी, हातातला बिअरचा ग्लास तिरका करून. फोटोग्राफरचा कॅमेरा ढगांवर रोखलेला. जॉर्जेट कपाळावर हात धरून विचारत होती, "आलं का? कुठल्या बाजूने?" लिंडेव्हेल्डे गाव श्वास रोखून आभाळाकडे बघत होतं, जसं एकशे बारा वेळा बघितलं असणार.

फक्त गोलमागच्या बाकावर ट्रीस डबा छातीशी धरून सरळ त्याच्याकडे बघत होती. डबा ज्याच्या हातात असतो, त्याला वर बघायचं कारण नसतं.

लीव्हनच्या लक्षात आलं, अठरा वर्षांत या मैदानावरचा त्याचा प्रत्येक गोल पाहिलेला माणूस एकच होता.