पुढचे दोन पाय

सिंधूताईंनी अठ्ठावन्नावं फुलपाखरू पिनेला धरून उलटं केलं, भिंगाखाली नेलं आणि पाय मोजले. चारच भरले.

खोक्यात अठ्ठावन्नच होती. तांबडी, काळी, पंखांवर डोळे काढल्यासारखी, मिटली की वाळकं पान वाटणारी. रंगाने एकमेकांशी काही नातं नाही, तरी कुण्या जुन्या प्राध्यापकाने सगळी एकाच खोक्यात टोचून ठेवली होती. आणि त्यांतल्या एकालाही पुढचे दोन पाय नव्हते. पायांच्या जागी कुसळासारखं काहीतरी छातीला चिकटलेलं होतं.

किड्याला पाय सहा, हे सिंधूताईंना पाठ होतं. नागपुरातल्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या चार वर्षं हंगामी सहायक होत्या आणि विभागप्रमुख मोहरील सरांचं हे वाक्य दर जुलैत भिंतीपलीकडून ऐकू यायचं. खात्री करायला त्यांनी शेजारचं पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचं खोकं उघडलं. तिथे सगळ्यांना सहा पाय होते, जिथल्या तिथे.

म्हणजे या एका खोक्याला कीड लागली होती. का लागली, ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. भाद्रपदात नवऱ्याचा दमा उसळला. कोराडीहून दवाखाना, दवाखान्यातून कॉलेज, अशा बसने खेपा घालताना त्या महिन्यात खोक्यांत डांबराच्या गोळ्या टाकायच्या राहून गेल्या. किडीने नेमका तेवढाच डाव साधलेला दिसत होता.

मंगळवारी पुण्याहून प्रमोदिनीबाई येणार होत्या. फुलपाखरांतल्या मोठ्या जाणकार. संग्रह नीट राखला आहे असं त्यांनी लिहून दिलं, की सिंधूताईंना कायम करायचं, असं मोहरील सरांनी कबूल केलं होतं. एक नग जरी खराब निघाला तर दुसरी बाई बघावी लागेल, हेही सांगून ठेवलं होतं, तेही अगदी गोड आवाजात. सिंधूताईंच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. शहात्तर साली मॅट्रिक झालेल्या चाळिशीच्या बाईला नवी नोकरी कोण देणार होतं?

गोंदाने पाय चिकटवावेत असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण एकशे सोळा पाय आणायचे कुठून? शेवटी त्यांनी विभागातल्या जुन्या शिपायाला, लहानूला, सगळं सांगितलं.

"सरले सांगून टाकू का?"

"काहून?" लहानू म्हणाला. "मागच्या तपासणीले काय झालं, आठवते ना? नऊ स्टूल मोडके अन् एक नवा. तर साहेबानं नव्याचंच विचारलं. ह्या लोकायले फरक दिसला का थांबते. सारखं दिसलं का पुढं जाते. तुम्ही उगाच घाबरून राहिल्या."

त्याने बिचाऱ्याने धीर द्यायला म्हणून सांगितलं. सिंधूताईंना खरोखरच धीर आला.

रविवारी त्या किल्ली घेऊन कॉलेजात आल्या. किडीच्या खोक्याला त्यांनी हात लावला नाही. शेजारच्यावर मात्र दुपारभर मान मोडून बसल्या. काम बारीक होतं, डोळ्यांना पाणी आलं. संध्याकाळी दोन्ही खोकी एकाशेजारी एक ठेवून पाहिली, तेव्हा कुठे कुलूप लावून त्या घरी निघाल्या.

मंगळवारी प्रमोदिनीबाई आल्या त्या गळ्यात भिंग अडकवूनच. चहाही न घेता त्यांनी नेमकं किडीचंच खोकं पुढे ओढलं. एक फुलपाखरू उलटं केलं, दुसरं केलं, तिसरं केलं. सिंधूताईंनी डोळे मिटून घेतले.

"सर, हे खोकं कुणी लावलं?" बाईंनी विचारलं.

मोहरील सर बेडकांचे. फुलपाखरांतलं त्यांना बेताचंच. ते सावधपणे म्हणाले, की फार जुनं आहे, त्यांच्या आधीचं.

"मोठा जाणता माणूस असणार. या फुलपाखरांना पाय चारच दिसतात. पुढचे दोन आखडून ब्रशासारखे होतात, चालायच्या कामाचे नसतात. पूर्वी यांचीच चार-पाच वेगळी कुळं धरायचे. आता बरेच जण म्हणतात, कूळ एकच. त्याने तेव्हाच सगळ्यांना एकत्र बसवलंय. रंग फसवतात, सर. पाय फसवत नाहीत."

सिंधूताईंना आधी नीट कळेना. मग कळलं. कीड लागलीच नव्हती. गोळ्या राहिल्या तरी काही बिघडलं नव्हतं. ही फुलपाखरं जन्मापासून अशीच होती. त्यांना इतकं हलकं वाटलं, की भर प्रयोगशाळेत हसू फुटेल म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"एकही पाय मोडलेला नाही," बाई म्हणाल्या. "फार निगुतीने राखलंय. मी तसं लिहून देते."

मोहरील सरांनी सिंधूताईंकडे बघून मान डोलावली. दारात लहानू उभा होता, त्याचा चेहरा फुलला. सिंधूताईंच्या डोळ्यांपुढे घर आलं. आज गेल्या गेल्या नवऱ्याला सांगायचं, की मी कायम झाले.

बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि त्या थांबल्या.

"त्याआधी मुलांना बोलवा, सर. असा फरक शेजारी ठेवून दाखवला की जन्मभर विसरत नाहीत. सिंधूताई, ते पांढऱ्या-पिवळ्यांचं खोकं आणा बरं. त्यांना सहाच्या सहा पाय असतात."

सिंधूताई जागच्या हलल्या नाहीत. दोन्ही खोकी सारखी दिसावीत म्हणून, रविवारी दुपारभर बसून, त्या खोक्यातल्या एकूण एक फुलपाखराचे पुढचे दोन पाय त्यांनी नखं कापायच्या कात्रीने छाटून टाकले होते.