कॉलेजचा फोन

दिगंबररावांच्या गोळ्या खऱ्या होत्या की साखरेच्या, हे आज कळणार होतं. मेंदूचा खुराक म्हणून निघालेल्या या गोळ्यांची चाचणी धडधाकट माणसांवर चालली होती, कुणाला खरी गोळी मिळे तर कुणाला न सांगता नुसती साखरेची, आणि हल्ली घरोघरी कुणाला ना कुणाला जुनं काहीतरी आठवत होतं. दिगंबररावही एका सकाळी चहा पिता पिता बायकोला म्हणाले होते, "अगं, लग्नानंतर तुझ्यासाठी कॉलेजातून फोन आला होता. नोकरीवर लगेच रुजू व्हा म्हणत होते. मी साफ विसरलो बघ. या गोळीने आठवलं."

मृणालिनीबाई तेव्हा कप विसळायला उठल्या. विसरलेल्या माणसाशी भांडणार काय? पण यांना नेमकं एवढंच कसं आठवलं, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता.

आज दोघं समोर बसल्यावर चाचणी घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी संगणकात पाहिलं. "काका, तुमच्या गोळ्यांत नुसती साखर होती."

"म्हणजे माझा मेंदू मुळातच तल्लख आहे," दिगंबरराव हसले.

डॉक्टरबाईही हसल्या.

"तेच म्हणते मी," मृणालिनीबाई म्हणाल्या. "मग त्या दिवशी फोन खाली ठेवताना तुम्ही मनात काय ठरवलंत, तेही सांगून टाका आता."