तपासनिसाची सळई

मोटरबोटींच्या शर्यतीत लहान गटाच्या इंजिनात बारीक भोकाची चकती बसवतात, म्हणजे मोठ्या गटाचा जोर येत नाही. जिंकलेल्या बोटीच्या चकतीतून तपासनिसाची सळई आरपार गेली, की भोक मोठं केलंय असं धरून बोट बाद. गंज नको म्हणून तपासनीस ती सळई दर शर्यतीआधी पॉलिशपेपरने लख्ख घासायचा. आज त्याचीच मुलगी जिंकली, आणि सळई सुळकन गेली. नवीकोरी चकती सकाळी त्यानेच बसवली होती. सील शाबूत होतं. “बाबा, मी हातसुद्धा लावला नाही!” गेल्या वर्षी त्याने बाद केलेल्या बोटीचा मेकॅनिकही हेच म्हणाला होता. तो समोरच उभा होता. “काय साहेब, लेकीला वेगळा नियम?” तपासनिसाने सळई पुढे केली. “आधी हीच मोजा.” मेकॅनिकने जाडी मोजायला व्हर्नियर लावला, पुन्हा लावला. “बारीक झालीय,” तो म्हणाला. “किती वर्षं घासताय हो?”