मिठाचं पाणी

रघूचं आयुष्य मिठागरात गेलं आणि म्हातारपणी पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडल्या. ठाण्याला नव्या उपचाराच्या चाचणीत नाव घालताना डॉक्टर ऋजुता म्हणालेल्या, "निम्म्यांना रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या जीनचं इंजेक्शन, तुलनेसाठी निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते कोणालाच सांगत नाहीत."

त्याची बायको गोदा तेव्हा भडकलेली. "जलम मिठात गेला, आता टोचायला पन मीठच?"

आज रघू सकाळपासून डोकं धरून बसलेला, आणि डॉक्टरांचा फोन आला. जीन दिलेल्या दोघांच्या मेंदूत रक्तस्राव झालाय, चाचणी थांबवलीय, कोणाला काय दिलं ते आता उघड केलंय.

गोदाने फोन कानाशी घट्ट धरला. "आमच्या यांना काय दिलेलं?"

"मिठाचं पाणी."



गोदाने रघूच्या डोक्यावरून हात फिरवला. "मीठ जागलं, बाई. आमच्या मानसाला जागलं."