शुक्रवारचा खाऊ

गांडुळं पेटीबाहेर पडून भिंतीवर चढत होती. सोमवारची सकाळ होती, आणि एका शाळेच्या मुख्याध्यापिका पेटी बघायला कुठल्याही क्षणी येणार होत्या.

थोरलीने गुडघे टेकले आणि एकेक गांडूळ ओल्या कागदावर घ्यायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्याचं खत करणारी ही लाकडी पेटी दोघी बहिणींनी मिळून तयार केली होती. गांडुळं थोरलीची, सुतारकाम आणि गोड बोलणं धाकटीचं. या शाळेने पेट्या घेतल्या नाहीत तर इथलं टेबल सोडायचं आणि नोकऱ्या शोधायच्या, असं ठरलं होतं.

"तू काय घातलंस यात?" थोरलीने विचारलं.

"मी? तू मला झाकणाला तरी हात लावू देतेस का?"

इथलं टेबल म्हणजे एका लांबलचक खोलीतलं भाड्याचं टेबल. एकावर एक छोटी कंपनी, दुसऱ्यावर दुसरी, आणि उरलेल्यांवर ज्यांचं ऑफिस दूर कुठेतरी आहे अशी एकटी माणसं. वायफाय, प्रिंटर आणि चहाचं यंत्र तेवढं सगळ्यांचं.

"ताई," समोरच्या टेबलावरचा हिशेबनीस आपला माइक बंद करून, ओठ फारसे न हलवता म्हणाला. पडद्यावर त्याचा साहेब काहीतरी समजावत होता. "एक माझ्या कीबोर्डवर आलंय. हळूच घेऊन जा. साहेबांना दिसेल."

धाकटी हसत हसत ते उचलून घेऊन आली. थोरलीला हसू येईना. तिने पेटीत हात घातला. आत गरम लागलं, आंबूस वास आला. मग एकेक वस्तू वर यायला लागली. संत्र्याची मूठभर सालं. दोऱ्यासकट चहाच्या पिशव्या. अर्धा केक. तिने स्वतः बारीक चिरून, वाटीने मोजून घातलेली भाजीची देठं या सगळ्याच्या खाली कुठेतरी गाडली गेली होती.

"संत्री कोण खातं इथे?" वर्गाला विचारावं तसं तिने खोलीला विचारलं.

कीबोर्डांचा आवाज थांबला. हिशेबनिसाने कानावरचे हेडफोन काढले.

"थोडीशीच घातली होती," तो म्हणाला. "शुक्रवारी. पुढे दोन दिवस सुट्टी. म्हटलं, उपाशी राहतील."

"केक माझा," खिडकीजवळच्या भाषांतरकार बाई म्हणाल्या. "मीही शुक्रवारीच घातला. आपण घरी जाऊन पोटभर जेवणार, आणि ती बिचारी..."

"मला वाटलं, मी एकटाच घालतोय," प्रिंटरमागून कोणीतरी म्हणालं. तो चहाच्या पिशव्यांचा मालक असावा.

"दर शुक्रवारी?"

थोरलीने विचारलं, तशा भाषांतरकार बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"अहो, आठवडाभर काही मिळालं नाही तरी त्यांचं काही बिघडत नाही! यांना अपचन झालंय. तुमच्या मायेपायी घर सोडून निघालीयत ती!"

"निघता तरी येतंय त्यांना," हिशेबनीस मान खाली घालून पुटपुटला. "आमची आई वाढायला बसली की आम्हाला ती सोय नव्हती."

एवढ्यात दार उघडलं. मुख्याध्यापिकांना दिसलं ते असं: निम्मं ऑफिस जमिनीवर रांगतंय आणि प्रत्येकाच्या हातात ओला कागद. धाकटीने झटकन पेटीवर झाकण टाकलं.

"या ना बाई! आधी चहा घेऊ, मग निवांत..."

थोरलीने झाकण काढलं.

"पेटी चांगली आहे, बाई. पण आत्ता बिघडलीय. सगळ्यांनी चोरून खाऊ घातला आणि मला पत्ता लागला नाही."

धाकटीने डोळे मिटून घेतले.

मुख्याध्यापिकांनी वाकून पेटीत पाहिलं. मग सालं हातात घेऊन उभ्या असलेल्या हिशेबनिसाकडे पाहिलं.

"का घातलंत?" त्यांनी विचारलं. रागावून नाही, गृहपाठ विसरलेल्या मुलाला जवळ बसवून विचारतात, तसं.

तो हातातल्या सालांकडे बघत म्हणाला, "माझ्या ऑफिसातलं कोणी मला प्रत्यक्ष भेटलेलं नाही, बाई. ही रोज भेटतात."

मुख्याध्यापिकांनी पिशवी खुर्चीवर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि थोरलीला विचारलं, "आता काय करायचं असतं?"

"आंबलेलं काढायचं. कोरडा पुठ्ठा फाडून घालायचा."

त्यांनी कोपऱ्यातला एक रिकामा खोका ओढला आणि फाडायला बसल्या. मग काय, सगळेच बसले.

निघताना त्या दारात थांबल्या. "आज हो म्हणत नाही. पुढच्या सोमवारी येते. तोवर या ताईंखेरीज कोणी कणभरसुद्धा काही घालायचं नाही. माझी मुलं तर तुमच्याहून जास्त चोरून घालतील. पण मोठ्यांना जमलं, तर मुलांनाही शिकवता येईल. त्यांना तर लवकर कळतं."

गांडुळं पेटीत परतली आणि आतच राहिली. मंगळवार, बुधवार कसे गेले ते कळलंही नाही. शुक्रवार मात्र जाता जाईना.

संध्याकाळी लॅपटॉप मिटले, आणि एकेक माणूस पेटीपाशी येऊन गेला. भाषांतरकार बाई दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून आल्या. झाकणावर वाकल्या आणि म्हणाल्या, "येते हं." चहाच्या पिशव्यांवाल्याने लांबूनच मान हलवली आणि तो भराभरा निघून गेला.

हिशेबनीस सगळ्यात शेवटी आला. बराच वेळ नुसता उभा राहिला.

"खिसे दाखवा," धाकटी म्हणाली.

"विश्वास नाही?"

"मुळीच नाही."

त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. आत काही नव्हतं. धाकटीने मान डोलावली, तसा तो वळला आणि जिन्याकडे गेला.

थोरलीने दारातून पाहिलं. तो सावकाश पायऱ्या उतरत होता, आणि दोन्ही खिशांची पांढरी अस्तरं तशीच बाहेर लोंबत होती.