जुना पार्ट

टोचन लावून आणलेल्या ट्रककडे बोट दाखवत शिर्केशेठ म्हणाले, “याचं बोलणारं मॉड्यूल बिघडलंय. गाडी चालूच होऊ देत नाही. नवं टाक, जुनं फोडून टाक.”

कुंदा मेकॅनिकच्या मनात पाल चुकचुकली. जुना पार्ट परत न मागणारं गिऱ्हाईक तिनं पाहिलं नव्हतं. तिनं मॉड्यूल काढून स्पीकरला जोडलं.

“ब्रेकचे लायनर संपलेत,” ते बोललं. “शेठना अकरा वेळा सांगितलं. हणमंताला घेऊन मी घाट उतरणार नाही.”

ड्रायव्हर हणमंता मान खाली घालून उभा होता.

कुंदानं नवं, मुकं मॉड्यूल बसवलं आणि चावी शेठच्या हातात कोंबली. “आता गाडी ब्र काढणार नाही. घाट तेवढा तुम्ही उतरून दाखवा.”

शेठनी चावी हणमंतापुढे धरली.

हणमंतानं दोन्ही हात पाठीमागे बांधले.